ग्रामीण रंगभूमीसाठी संवादलेखन

पावसाळा सरून जत्रोत्सवांचे दिवस आले, की गोमंतकात गावोगावच्या देवळांच्या प्रांगणात रंगमंच उभे राहू लागतात. पालखी फिरून येते, आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि रात्री उशिरा नाटकाची घंटा वाजते. नाटक करणारी मंडळी गावचीच असतात. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी कचेरीतील लिपिक, तर कोणी बसवाहक. बेळगाव परिसरात आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या शहरांतील मराठी वस्त्यांतही उत्सवाच्या निमित्ताने नाटक करण्याची हौस अशीच जोपासली गेली आहे.

या मंडळांतून स्वतःची नाटके लिहिणारे लेखक पुढे येत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांचे विषय आपल्या गावचे असतात. जमिनीची वाटणी, तरुणांची नोकरी, दारू, पाण्याची टंचाई, परदेशी गेलेल्या मुलांची वाट पाहणारे आईवडील अशा प्रश्नांवर त्यांना काही सांगावयाचे असते. तथापि पुष्कळदा असे घडते, की पडदा उघडून पाव तास होतो न होतो तोच मागच्या रांगांत कुजबुज सुरू होते आणि काही मंडळी चहाच्या दुकानाकडे वळतात. दुसऱ्या दिवशी अभिप्राय मिळतो, “विषय चांगला होता, पण नाटक रंगले नाही.” मग पुढच्या वर्षी मंडळ बाहेरचे, गाजलेले नाटक बसविते आणि गावच्या लेखकाची वही कपाटात राहते. गावाचा प्रश्न गावाच्या तोंडून मांडला जाण्याची संधी अशा रीतीने हुकते.

अशा अपयशाचे कारण बहुधा विषयात किंवा नटांत नसते. ते संवादांत असते. संवाद कसा लिहावा याविषयीची काही मूलभूत तत्त्वे उदाहरणांसह येथे मांडली आहेत. ती नवोदित लेखकांना, शाळांतून नाटके बसविणाऱ्या शिक्षकांना आणि नाट्यमंडळांच्या दिग्दर्शकांना उपयुक्त ठरावीत.

संवाद म्हणजे कृती

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाणीला नाट्याचे शरीर मानले आहे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चतुर्विध अभिनयात वाचिक अभिनयाचे विवेचन त्यांनी अतिशय विस्ताराने केले आहे. कथाकादंबरीत लेखक स्वतः पुढे येऊन पात्राचे मन उलगडून दाखवू शकतो. नाटककाराला ती सोय नाही. प्रेक्षकाला जे कळावयाचे ते पात्रांच्या बोलण्यातून आणि वागण्यातून कळले पाहिजे.

येथेच नवोदित लेखकाची पहिली चूक होते. प्रेक्षकाला माहिती द्यावयाची आहे, म्हणून तो पात्रांकडून माहिती वदवितो. पात्राचे मन दाखवावयाचे आहे, म्हणून पात्राला आपले मन शब्दांत सांगावयास लावतो. परंतु व्यवहारात माणूस माहिती देण्यासाठी क्वचितच बोलतो. त्याला समोरच्याकडून काहीतरी हवे असते, आणि ते मिळविण्यासाठी तो बोलतो. कोणाला होकार हवा असतो, कोणाला पैसे, कोणाला क्षमा. कोणाला तर समोरच्याने गप्प राहावे एवढेच हवे असते. ते सरळ मागितले तर मिळेल असा भरवसा नसतो, म्हणून माणूस आडवळणाने बोलतो, विषय बदलतो, थट्टा करतो, रुसतो.

तेव्हा संवाद म्हणजे शब्दांच्या रूपाने केलेली कृती, हे सूत्र लेखकाने पक्के ध्यानी ठेवावे. प्रत्येक वाक्य लिहिताना दोन प्रश्न विचारावेत. हे पात्र या क्षणी समोरच्याकडून काय मिळवू पाहत आहे? आणि ते मिळू नये म्हणून समोरचा काय करीत आहे? या दोन्ही प्रश्नांना उत्तर नसेल, तर ते वाक्य कितीही सुंदर असले तरी रंगमंचावर निर्जीव पडते.

एक प्रसंग, दोन खर्डे

हे तत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वडील वारल्यावर दोन भावांत कुळागराचा प्रश्न निर्माण झाला आहे. थोरला विष्णू गावी राहून सुपारी, नारळ, केळी पिकवितो. धाकटा सुरेश मुंबईस नोकरीला आहे, आणि कुळागर विकून आपला वाटा मिळावा असे त्याला वाटते. हा प्रसंग हौशी लेखक बहुधा पुढीलप्रमाणे लिहितो :

सुरेश : दादा, आपल्या वडिलांचे निधन होऊन आता तीन वर्षे झाली. तुमचा हा धाकटा भाऊ मुंबईस एका कंपनीत नोकरी करतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. मला तेथे घर घ्यावयाचे असल्यामुळे पैशांची अत्यंत आवश्यकता आहे. म्हणून आपण हे कुळागर विकून टाकावे असे माझे मत आहे.

विष्णू : सुरेश, हे तू काय बोलतोस! आपल्या पूर्वजांनी घाम गाळून हे कुळागर उभे केले आहे. या मातीशी आपले अतूट नाते आहे. तुम्ही शहरात राहणारे लोक पैशाच्या मागे लागून मातीला विसरता. मी हे कुळागर कदापि विकू देणार नाही!

या खर्ड्यात व्याकरणाचा दोष नाही. विचारही योग्य आहेत. परंतु सुरेश जे सांगतो ते विष्णूला आधीच माहीत आहे; म्हणजे तो विष्णूशी बोलतच नाही, प्रेक्षकांशी बोलतो. विष्णूचे उत्तर हे भाषण आहे. दोन परिच्छेदांत दोघांची बाजू मांडून संपली आणि आता त्यांना तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगण्यापलीकडे काही उरले नाही. प्रेक्षकालाही काही शोधावयाचे उरले नाही. साहजिकच तो चहाकडे वळतो.

आता तोच प्रसंग दुसऱ्या रीतीने पाहावा. विष्णू ओसरीवर सुपारी सोलत बसला आहे. सुरेश कालच मुंबईहून आला आहे. आई आत स्वयंपाकघरात आहे.

सुरेश : यंदा सुपारी कमी दिसते, दादा.

विष्णू : पाऊस लांबला.

सुरेश : भाव काय मिळाला?

विष्णू : तू सुपारीचा भाव कधीपासून विचारायला लागलास?

सुरेश : सहज. (थांबून) पाट नवा बांधलास वाटतं.

विष्णू : गेल्या वर्षी फुटला होता. घेतला बांधून.

सुरेश : कळवायचंस तरी. किती झाले? अर्धे मी...

विष्णू : झाला खर्च.

सुरेश : दादा, तो माणूस रविवारी येतो म्हणाला आहे.

विष्णू : कोण माणूस?

सुरेश : नुसतं बघून जाईल.

विष्णू : (सोलणे थांबवून, आत पाहत) आई, रविवारी पाहुणे यायचेत. सुरेशचे. कुळागर बघायला.

आई : (आतून) जेवायला आहेत का रे?

(सुरेश काही बोलत नाही.)

विष्णू : विचारते आहे ती. जेवायला आहेत का?

या खर्ड्यात “विकणे” हा शब्द एकदाही आलेला नाही. तरीही कुळागर विकण्याचा घाट घातला जात आहे, हे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कळते. आणि ते त्याला स्वतःला उमगले असल्यामुळे तो नाटकात ओढला जातो.

वाक्यावाक्याचे काम पाहावे. सुपारीच्या भावाची चौकशी ही वरवर आपुलकीची आहे, परंतु विष्णूला तिच्यातील हिशेब ऐकू येतो. पाटाचा निम्मा खर्च देऊ करणे हे औदार्य दिसते. पण निम्मा खर्च दिला की निम्मा हक्क आपोआप सिद्ध होतो. म्हणून विष्णू “झाला खर्च” एवढ्या दोन शब्दांत ती वाट बंद करतो. “नुसतं बघून जाईल” हे “कोण माणूस?” या प्रश्नाचे उत्तर नव्हेच. विचारलेल्या प्रश्नाला बगल देणारे उत्तर हे रंगमंचावर फार बोलके असते. पुढे विष्णू स्वतः भांडत नाही. तो आईला मध्ये आणतो. सुरेशने आईसमोर सत्य उच्चारावे, अशी त्याची खेळी आहे. आईचा प्रश्न निष्पाप आहे. ती घरच्या रीतीप्रमाणे पाहुण्यांच्या पानांचा अंदाज घेते. पण ज्या घराची बाग विकत घ्यावयाची, त्याच घरी ग्राहकाने पाहुणा म्हणून जेवावयाचे, ही विपरीतता त्या एका प्रश्नाने उघडी पडते. सुरेशचे मौन हा त्या प्रसंगातील सर्वांत प्रभावी संवाद होय.

पहिल्या खर्ड्यातील माहितीपैकी वडिलांचे निधन, मुंबईची नोकरी, घराची निकड हे सर्व राहून गेले, अशी शंका येईल. ते पुढे येईलच. ज्या क्षणी एखादी माहिती भांडणात शस्त्र म्हणून उपयोगी पडेल, त्या क्षणी ती बाहेर काढावी. “बाबा गेले तेव्हा तू दहाव्याला पोचलास” असे विष्णू जेव्हा सुनावील, तेव्हा वडिलांचे निधन, सुरेशचे दूर राहणे आणि विष्णूच्या मनातील सल या तिन्ही गोष्टी एका वाक्यात प्रेक्षकाला कळतील.

पूर्वसूरींचा धडा

मराठी रंगभूमीच्या इतिहासातही संवादाची ही वाटचाल पाहावयास मिळते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधाराच्या पद्यगायनाला प्राधान्य होते. पात्रे प्रसंगानुरूप स्वतःच्या शब्दांत भाषण करीत. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि गद्य व पद्य यांचा मेळ घातला. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ सालच्या ‘शारदा’ नाटकात वृद्धाशी बालिकेचा विवाह ठरविण्याचा अन्याय आहे. पण तो केवळ सुधारकाच्या व्याख्यानातून कळत नाही. कांचनभट आणि त्याची पत्नी इंदिराकाकू यांच्या घरगुती बोलण्यातून बापाचा लोभ आणि आईची असहायता उघड होते.

राम गणेश गडकरी यांची भाषा अलंकारांनी समृद्ध. त्यांचे अनुकरण करण्याचा मोह आजही अनेकांना होतो. परंतु १९१९ सालच्या ‘एकच प्याला’त दारूची बाजू मांडणाऱ्या तळीरामाला त्यांनी किती चतुर आणि हजरजबाबी बोलणे दिले आहे, ते पाहण्यासारखे आहे. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशात प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्या व्यसनाची ओढ त्याला कळते. म्हणूनच सुधाकराचा सर्वनाश त्याला पुढे अधिक झोंबतो.

विजय तेंडुलकर यांनी १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात अपुरी वाक्ये, अडखळणे आणि थांबणे यांनाच अर्थ दिला. खेळ म्हणून सुरू झालेल्या खोट्या खटल्यातील न्यायालयीन भाषा हळूहळू एका स्त्रीला घेरणारे हत्यार बनते. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वडिलांच्या मृत्यूनंतर एकत्र आलेले कुटुंब खर्चाच्या, दागिन्यांच्या, जेवणाच्या साध्या गोष्टी बोलते, आणि त्या साध्या बोलण्यातून संपूर्ण वाड्याची पडझड दिसते.

या नाटककारांच्या शैली परस्परांहून भिन्न आहेत. तरीही प्रत्येकाचे पात्र समोरच्या पात्रावर काही परिणाम घडविण्यासाठी बोलते, हे साम्य त्यांत आढळते. अनुकरण करावयाचे ते या गुणाचे.

संबोधनांचे सामर्थ्य

मराठी भाषेने नाटककाराला एक मोठी देणगी दिली आहे. तू, तुम्ही आणि आपण या तीन सर्वनामांत माणसामाणसांतील अंतर मोजले जाते. अहो, अगं, अरे, दादा, वहिनी, काका, गुरुजी, भाऊसाहेब ही संबोधनेही नाते, वय, अधिकार आणि जिव्हाळा सांगून जातात. पात्र रंगमंचावर येताच त्याचे समोरच्याशी काय नाते आहे हे एका संबोधनाने कळत असेल, तर “मी तुमचा धाकटा भाऊ” असे सांगण्याचे प्रयोजन उरत नाही.

त्याहून महत्त्वाचा असतो संबोधनातील बदल. वरील प्रसंगात विष्णू धाकट्या भावाला “तू” म्हणतो. रविवारी ग्राहक येऊन गेल्यावर सुरेश भावाला मदत करावी म्हणून सुपारीच्या टोपलीला हात लावतो, आणि विष्णू म्हणतो :

“राहू द्या. तुम्ही पाहुणे. तुम्ही कशाला हात लावता?”

येथे विष्णूने आवाज चढविलेला नाही. शिवी दिलेली नाही. परंतु “तू”चे “तुम्ही” झाले, त्याबरोबर सुरेश त्या घराचा उरला नाही. एवढा आघात पानभर संतापाच्या भाषणानेही साधणार नाही. मात्र असा बदल नाटकात एकदाच, नेमक्या ठिकाणी यावा. त्यासाठी आधीची सर्व संबोधने लेखकाने काळजीपूर्वक सांभाळली पाहिजेत. एकाच प्रवेशात भाऊ भावाला कधी “तू” तर कधी “तुम्ही” म्हणू लागला, तर नेमक्या क्षणाचे मोल नाहीसे होते.

मराठीतील च, ना, की, तर, बरं, हं या लहान शब्दांचेही असेच आहे. “मी जाणार” आणि “मी जाणारच” यांत निश्चयाचा, “येशील” आणि “येशील ना” यांत काळजीचा फरक आहे. मराठीत शब्दक्रम लवचीक असल्यामुळे महत्त्वाचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवता येतो. “त्यानं रात्री घर सोडलं” यापेक्षा “घर सोडलं त्यानं. रात्रीच” यात “रात्रीच” हा शब्द प्रेक्षकाच्या कानात रेंगाळतो.

बोली आणि प्रमाणभाषा

कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी हा प्रश्न प्राचीन आहे. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, तर स्त्रिया आणि सामान्यजन बहुधा प्राकृत बोलतात. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकातील कोळी मागधी बोलतो. भाषेवरून माणूस ओळखता यावा, ही दृष्टी त्यामागे आहे.

गोमंतकातील किंवा सीमाभागातील लेखकापुढे हा प्रश्न रोजच उभा असतो. घरात कोंकणी, शाळेत व वृत्तपत्रात मराठी, बाजारात कानडी किंवा हिंदी असे अनेकांचे जीवन आहे. मराठी नाटकातील पात्रांच्या तोंडी या भाषांचे शब्द स्वाभाविकपणे येऊ शकतात. त्यांवर बंदी घालण्याचे कारण नाही. मात्र मोलकरीण आणि गडी यांनाच बोली द्यावयाची, तीही हशा पिकविण्यासाठी, आणि उरलेल्या सर्वांना छापील मराठी, ही रूढी टाकून द्यावी. तिने बोलीचाही अपमान होतो आणि माणसाचाही. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या भूमिकेमुळे अफाट गाजले. त्यातील मालवणी ही पात्रांची स्वतःची भाषा आहे. पौराणिक नाटक बसविणाऱ्या गावकऱ्यांची धडपड हे त्यातील विनोदाचे मूळ. बोली हे त्या धडपडीचे सहज रूप.

प्रमाणभाषेतील संवादही बोलण्याप्रमाणेच लिहावेत. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी पात्राच्या तोंडी “केलं, गेलं, म्हटलं” अशी उच्चारानुसारी रूपे लिहिण्यास मुभा दिलेली आहे. “मी तेथे गेलो असता मला असे दिसून आले” हे वाक्य अहवालात शोभते. ओसरीवरचा माणूस “गेलो तर बघतो काय” असे म्हणेल.

स्वगत, दीर्घ भाषण आणि दूरध्वनी

नाट्यशास्त्राने भाषणाचे प्रकार सांगितले आहेत. सर्वांनी ऐकावे ते प्रकाश. मनाशी बोलावे ते स्वगत. इतरांना वगळून एकाशीच बोलावे ते जनान्तिक. आणि रंगमंचावर नसलेल्या व्यक्तीचे बोलणे ऐकल्यासारखे करून तिला उत्तर द्यावे ते आकाशभाषित.

स्वगत सर्वस्वी त्याज्य नाही. परंतु स्वगतातही संघर्ष हवा. माणूस स्वतःशी बोलतो तेव्हा त्याच्या मनाचे दोन भाग एकमेकांशी भांडत असतात. जे आधीच ठरले आहे ते सांगण्यासाठी स्वगत नको. जे ठरत नाही त्यासाठी असावे. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ गोवा हिंदू असोसिएशनने १९७० साली रंगभूमीवर आणले. त्यातील गणपतराव बेलवलकरांची दीर्घ भाषणे स्वाभाविक वाटतात, कारण ते स्वतः नट आहेत. मोठ्या नाटकांतील भाषा त्यांच्या अंगात मुरली आहे. तेच भाषण एखाद्या पोस्टमनच्या तोंडी घातले तर ते लेखकाचे भाषण वाटेल.

आजच्या नाटकांत भ्रमणध्वनी फार वाजू लागला आहे. हे आधुनिक आकाशभाषितच होय. “काय म्हणतोस? बाबांना रुग्णालयात नेलं? आणि डॉक्टर म्हणाले की आशा नाही?” अशा रीतीने पलीकडचे सगळे बोलणे प्रेक्षकांना वाचून दाखविण्याची सवय मात्र टाळावी. “कधी?... कोणत्या दवाखान्यात?... आईला कळलंय?... नको. मी येईपर्यंत नको सांगू.” एवढे पुरेसे आहे. पलीकडचे वाक्य प्रेक्षक स्वतः भरून काढतो, आणि त्यातच त्याला रस वाटतो.

प्रचाराचे नाटक

व्यसनमुक्ती, आरोग्य, साक्षरता, हुंडाबंदी, पाणी बचत या विषयांवर शाळा, पंचायती आणि शासकीय विभाग यांच्या वतीने लहान नाटके बसविली जातात. त्यांचा हेतू स्तुत्य असतो. परंतु तिसऱ्या प्रवेशात गुरुजी किंवा आरोग्यसेविका येऊन उपदेश करते, आणि दारुडा तात्काळ म्हणतो, “आता माझे डोळे उघडले!” अशा नाटकाने कोणाचेही डोळे उघडत नाहीत. प्रेक्षकांत बसलेला दारू पिणारा माणूस मनातल्या मनात जे समर्थन देत असतो, ते रंगमंचावर कोणी मांडतच नाही. मग नाटक आपल्याविषयी नाही, असे समजून तो निर्धास्त होतो.

येथे गडकऱ्यांचा धडा घ्यावा. ज्याचे मत बदलावयाचे, त्याच्या तोंडी सर्वांत बळकट युक्तिवाद द्यावा. “दिवसभर चिरे फोडतो. रात्री अंग ठणकतं. तुमच्या व्याख्यानानं झोप येते का मला?” असे खाणीवरील कामगाराने विचारले, तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. ते कठीण आहे म्हणूनच नाटक आहे. आणि उत्तर व्याख्यात्याने देऊ नये. त्याची मुलगी दप्तर उशाशी घेऊन जमिनीवर निजते आणि विचारते, “बाबा, आज तुम्ही लवकर निजाल ना? उद्या माझी परीक्षा आहे.” उपदेशाचा एक शब्दही न बोलता ही मुलगी बापाच्या युक्तिवादाला उत्तर देते. झोप केवळ त्याचीच उडालेली नाही, हे तो ऐकतो, आणि प्रेक्षकांतील पुष्कळजण ऐकतात.

मंच, नट आणि श्रोते

संवाद कानांसाठी लिहावयाचा असतो आणि तोही विशिष्ट जागी बसलेल्या कानांसाठी. उत्सवाच्या मांडवात बाहेर दुकाने असतात, मुले रडतात, मंडळी उशिरा येतात. अशा ठिकाणी पुढील व्यावहारिक गोष्टी लेखकाने ध्यानी घ्याव्यात.

कथानक समजण्यास आवश्यक असलेली एकही गोष्ट पहिल्या काही मिनिटांतच सांगून सोडून देऊ नये. ती पुढे निराळ्या रूपाने पुन्हा यावी. हशा येईल अशा वाक्याच्या पाठोपाठ महत्त्वाचे वाक्य ठेवू नये, कारण ते हशात बुडते. एका श्वासात म्हणता येणार नाही असे वाक्य तोडून दोन करावीत. एकसारखी सुरू होणारी नावे दोन पात्रांना देऊ नयेत. रमेश, राजेश आणि राकेश यांत श्रोत्यांचा हमखास गोंधळ होतो.

हौशी मंडळांत तालमींना वेळ कमी असतो. अनेकदा स्त्री-भूमिका करणारी अभिनेत्री बाहेरगावाहून येते आणि तिला एखाददुसरीच तालीम मिळते. तिच्या आधीच्या वाक्याचा शेवट स्पष्ट आणि लक्षात राहील असा असावा. एकच वाक्य नाटकात दोन ठिकाणी जसेच्या तसे आले, तर नट पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेतात आणि मधली चार पाने गळून पडतात. प्रॉम्प्टरलाही ती सावरता येत नाहीत.

कंसातील सूचनांवरही संयम हवा. “रागाने”, “दुःखाने”, “आश्चर्याने” अशा सूचना प्रत्येक वाक्यापुढे लिहाव्या लागत असतील, तर राग किंवा दुःख वाक्यात उतरलेले नाही असे समजावे. “सोलणे थांबवून” यांसारखी कृती सांगणारी सूचना नटाला अधिक उपयोगी पडते.

अभ्यासासाठी काही पाठ

शिक्षकांना आणि मंडळांना पुढील पाठ करून पाहता येतील.

पहिला पाठ : बसथांब्यावर, रेशन दुकानात किंवा पंचायत कचेरीत पाच मिनिटे लोकांचे बोलणे ऐकावे आणि घरी येऊन आठवेल ते लिहावे. कोणाचेही नाव किंवा खाजगी गोष्ट वापरू नये. केवळ बोलण्याची लय, अपुरी वाक्ये आणि उत्तरे टाळण्याच्या तऱ्हा टिपाव्यात.

दुसरा पाठ : दोन विद्यार्थ्यांनी दहा वाक्यांचा प्रसंग लिहावा. एकाला दुसऱ्याकडून उसने पैसे परत हवे आहेत. परंतु “पैसे”, “उसने” आणि “परत” हे शब्द वापरावयाचे नाहीत.

तिसरा पाठ : लिहिलेल्या प्रवेशातील पात्रांची नावे झाकून तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. कोण बोलत आहे हे केवळ बोलण्यावरून ओळखता आले नाही, तर सर्व पात्रे लेखकाच्याच आवाजात बोलत आहेत असे समजावे.

चौथा पाठ : पूर्ण झालेला प्रवेश मोठ्याने वाचावा आणि त्यातील एक चतुर्थांश वाक्ये खोडावीत. वगळल्यावर ज्याची उणीव भासली नाही, ते वाक्य मुळात नकोच होते.

हे पाठ करण्यास खर्च येत नाही. शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या मंडपात संध्याकाळी चार माणसे जमली तरी पुरे. कला अकादमीच्या आणि अन्य संस्थांच्या नाट्यस्पर्धांसाठी संहिता पाठविणाऱ्या लेखकांनी ती पाठविण्यापूर्वी एकदा तरी नाटकाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. ते कोठे पुढे सरसावून ऐकतात आणि कोठे इकडेतिकडे पाहू लागतात, याकडे लक्ष ठेवावे. त्याहून प्रामाणिक परीक्षक मिळणे कठीण आहे.

गावातील माणसे बोलण्यात मुळीच कमी नाहीत. वाटणीच्या बैठकीत, विहिरीवर, पंचायतीच्या सभेत, लग्नाच्या याद्या करताना ती जे बोलतात आणि जे हेतुपुरस्सर बोलत नाहीत, त्यात नाटकाचे साहित्य भरपूर आहे. ते कान देऊन ऐकणारा आणि नीट निवडून लिहिणारा लेखक गावोगाव निर्माण झाला, तर कपाटात पडलेल्या वह्या पुन्हा बाहेर निघतील आणि मागच्या रांगेतील माणूस आपले बोलणे रंगमंचावर ऐकण्यासाठी जागेवर बसून राहील.